ग्राफिक्स कार्ड : आत्ता घ्यावं की थांबावं?



गटाच्या बैठकीत कुणी कर्ज मागितलं की कारण काय, हे आपण विचारतोच. शेळी घ्यायची, शिलाई मशीन घ्यायचं, विहिरीवरची मोटर जळली, पोरीची फी भरायची. ही कारणं आपल्या ओळखीची आहेत. मशीनवर दिवसाला किती ब्लाउज निघतात, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण अलीकडे आमच्याकडच्या गटांमध्ये एक नवं कारण ऐकू येतंय. "पोराच्या कॉम्प्युटरला कार्ड बसवायचंय." किती लागतील? "तीस हजार." रेशन कार्ड माहीत आहे, आधार कार्ड माहीत आहे, हे तीस हजारांचं कार्ड कुठलं? यावर मागणारी ताईसुद्धा म्हणते, "मला पण नीट माहीत नाही बाई, पोरगं म्हणतंय."

तीस हजार म्हणजे गटातल्या पंधरा बायकांची कितीतरी महिन्यांची बचत. ज्या वस्तूचं नावही नीट माहीत नाही, तिच्यासाठी कर्ज द्यायचं की नाही, हे गटाने कसं ठरवायचं? आणि आईने कसं ठरवायचं? पोराला सरळ "नाही" म्हटलं तर घरात आठ दिवस अबोला. "हो" म्हटलं आणि दोन महिन्यांनी तेच कार्ड पाच हजारांनी स्वस्त झालं, तर तोही चटका. म्हणून आज आपण हे कार्ड म्हणजे काय, ते खरंच लागतं कुणाला, आणि घ्यायचंच असेल तर कधी घ्यावं, हे समजून घेऊ.

हे कार्ड करतं काय?

कॉम्प्युटरच्या डब्यात एक मुख्य चिप असते, तिला प्रोसेसर म्हणतात. हिशोब, टायपिंग, इंटरनेट ही सगळी कामं तो सांभाळतो. तो लग्नघरातल्या मुख्य आचाऱ्यासारखा समजा. हुशार आहे, कुठलाही पदार्थ येतो, पण हात दोनच. पाचशे माणसांच्या पंगतीला पोळ्या करायच्या तर तो एकटा पुरा पडत नाही. तिथे वीस-पंचवीस बायका पोळपाट-लाटणं घेऊन रांगेत बसवाव्या लागतात. प्रत्येकीचं काम सोपं आणि एकच, पण सगळ्या एका वेळी करतात म्हणून पंगत उठते.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही पोळ्या लाटणाऱ्या बायकांची रांग. पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. खेळात माणूस पळतो, गाडी वळते, पाणी हलतं, तेव्हा हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे एका सेकंदात बारा कोटींहून जास्त ठिपके. हे काम प्रोसेसरवर टाकलं तर चित्र अडखळत चालतं. म्हणून ते वेगळ्या कार्डाकडे देतात. आरटीएक्स ४०६० नावाचं मधल्या दर्जाचं एक कार्ड आहे. त्याच्या चिपमध्ये असे ३०७२ छोटे कारागीर आहेत.

या कार्डांच्या चिप मुख्यतः एनव्हिडिया आणि एएमडी या दोन कंपन्या बनवून घेतात. इंटेल ही तिसरी. दुकानात डब्यावर वेगवेगळ्या कंपन्यांची नावं दिसतात, पण आतली चिप या तिघींपैकीच एकीची असते. म्हणून भाव विचारताना डब्यावरच्या नावाबरोबर चिपचं नाव आणि नंबर लिहून घ्यावा. भावाची तुलना त्या नंबरावरच करायची.

ते लागतं कुणाला?

हा प्रश्न "कधी घ्यावं" याच्या आधी येतो.

एमएस-सीआयटीचा कोर्स, टायपिंग, टॅली, ऑनलाइन फॉर्म, यूट्यूबवरचे धडे, आपल्या गटाचं लेखापुस्तक कॉम्प्युटरवर घेणं, यातल्या कशालाही वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुष्कळ प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्यापुरती सोय आतच असते. साधे आणि जुने खेळही त्यावर चालतात. त्यामुळे "अभ्यासासाठी कार्ड पाहिजे" असं कुणी म्हटलं, तर कुठला अभ्यास, एवढं शांतपणे विचारावं.

खरंच लागतं ते तीन प्रकारच्या कामांना. एक, नवे मोठे खेळ, ज्यात डोंगर, शहरं, गर्दी सगळं खऱ्यासारखं दिसतं. दोन, लग्नाचे किंवा जाहिरातीचे व्हिडिओ कापून जोडण्याचं काम, तेही रोज आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर. तीन, ॲनिमेशन किंवा घराचे-यंत्रांचे त्रिमितीय नकाशे. ब्लेंडर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यावर ॲनिमेशन शिकणारी मुलं-मुली आता तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यांना चांगलं कार्ड असेल तर तासांचं काम मिनिटांवर येतं.

खेळासाठी हवं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पोरांना खेळ हवाच असतो. आपल्या वेळी विटी-दांडू होता, आट्यापाट्या होत्या. फक्त खेळासाठी घेतोय तर खेळासाठी म्हणून घ्यावं. गटाच्या नोंदवहीत कारण "शिक्षण" लिहून खेळाचं कार्ड आणलं, तर उद्या खरंच फीसाठी कर्ज मागणाऱ्या बाईकडे गट संशयाने बघतो. नुकसान तिचं होतं.

आणखी एक भीती बायका बोलून दाखवतात. गेमिंग म्हणजे पैसे लावून खेळायचे ते मोबाइलवरचे खेळ का? ते वेगळे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. ग्राफिक्स कार्ड ज्या खेळांसाठी लागतं ते एकदा विकत घ्यायचे असतात, किंवा फुकट मिळतात. पण फुकट खेळाच्या आतसुद्धा कपडे, हत्यारं, सजावट विकत मिळते. म्हणून आपलं बँकेचं कार्ड किंवा यूपीआय त्या कॉम्प्युटरवर जोडून ठेवू नये.

भाव का चढतो, का उतरतो?

टोमॅटोचा भाव आपल्याला कळतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला. सप्टेंबरमध्ये तोच इतका पडला की शेतकऱ्यांना तोडणीची मजुरी निघेना. ज्याला चटणीपुरता हवा होता त्याने दोन महिने चिंच वापरली आणि पैसे वाचवले. ज्याचं हॉटेल होतं त्याला चढ्या भावाने घ्यावाच लागला. ग्राफिक्स कार्डाचं तसंच आहे. फक्त चढ-उताराची कारणं वेगळी.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० हे कार्ड आणलं. कंपनीने सांगितलेली किंमत होती ६९९ डॉलर. पण पुढची जवळजवळ दीड वर्षं त्या किमतीला ते मिळणंच मुश्कील होतं. जगभर कितीतरी लोकांनी दुपटीच्या आसपास पैसे मोजले. कारणं तीन. लॉकडाऊनमुळे सगळे घरी होते, त्यामुळे मागणी वाढली. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत टंचाई होती. आणि इथेरियम नावाचं डिजिटल चलन मिळवण्यासाठी लोक हीच कार्डं डझनांनी लावून दिवसरात्र चालवत होते. पुढे १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्या कामाला कार्डांची गरज संपली. भाव त्याआधीच उतरायला लागले होते. त्यानंतर वापरलेल्या कार्डांचाही बाजारात ढीग झाला. २०२१ मध्ये ज्यांनी दम धरला, त्यांचे पैसे वाचले.

यावरून "थांबलं की स्वस्त होतं" असा नियम करू नका. २०२५ च्या शेवटी उलटं घडलं. एआय चालवणाऱ्या मोठमोठ्या केंद्रांसाठी मेमरीच्या चिप इतक्या उचलल्या गेल्या की मेमरीचे भाव झपाट्याने चढले. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असते. म्हणजे त्या वेळी जो "अजून उतरेल" म्हणून बसला, त्याला महाग पडलं.

तिसरं कारण रुपयाचं. चिप बहुतेक तैवानमध्ये बनतात, कार्डं बाहेरून येतात, व्यवहार डॉलरमध्ये होतो. २९९ डॉलरचं कार्ड घ्या. डॉलर ७४ रुपये असताना ते २२,१२६ रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे २६,१०० रुपये. २०२५ च्या डिसेंबरमध्ये डॉलर ९० च्या वर गेला. ९० ने हिशोब केला तर तेच कार्ड कर धरून सुमारे ३१,७५० रुपयांना पडतं. कार्ड तेच, कंपनीची किंमत तीच, आपल्याला मात्र साडेपाच हजारांहून जास्तीचा फरक. वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळा.

नवीन पिढी कधी येते?

ही गोष्ट मात्र अंदाज बांधता येईल इतकी नियमित आहे. सर्वसाधारण घरात घेतलं जातं ते मधल्या दर्जाचं कार्ड. एनव्हिडियाच्या नंबरात त्याचे शेवटचे दोन आकडे ६० असतात. २०६० आलं जानेवारी २०१९ मध्ये. ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. ४०६० आलं जून २०२३ मध्ये. ५०६० आलं मे २०२५ मध्ये. म्हणजे साधारण दोन ते सव्वादोन वर्षांनी नवं येतं. त्याच पिढीची महागडी कार्डं आधी येतात आणि मधल्या दर्जाचं काही महिन्यांनी.

याचा उपयोग असा. पोराने मागितलेलं कार्ड बाजारात आलं कधी, हे आधी त्यालाच शोधायला लावा. ते येऊन पावणेदोन-दोन वर्षं झाली असतील आणि पुढच्या पिढीतली मोठी नवी कार्डं दुकानात दिसू लागली असतील, तर थोडं थांबावं. नवं आलं की तेवढ्याच पैशात जास्त काम मिळण्याची शक्यता असते, किंवा जुन्याचा उरलेला माल दुकानदार उतरत्या भावात काढतो. पण कार्ड येऊन सहा-आठ महिनेच झाले असतील, तर पुढच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. असं तर कायम थांबावं लागेल. आणि अगदी नव्या कोऱ्या कार्डासाठी पहिल्या महिन्यातच उडी घेऊ नये. पहिल्या हप्त्यातल्या आंब्यासारखा तेव्हा भाव चढा असतो आणि माल कमी.

दसरा-दिवाळीच्या आणि जानेवारी-ऑगस्टच्या ऑनलाइन सेलमध्ये सूट मिळते, पण सूट खरी की दाखवायची, हे तपासायचं. काट मारलेल्या मोठ्या किमतीकडे बघू नका. महिनाभर आधीपासून दर रविवारी तोच नंबर, दोन वेबसाइट आणि शहरातलं एक दुकान, असे तीन भाव वहीत लिहा. आपण कांद्याचा भाव ठेवतो तसा. चार आठवड्यांची पाटी समोर असली की "आज रात्री बारापर्यंतच" असं ओरडणारी जाहिरात आपल्याला घाबरवू शकत नाही.

बाकीचा संसार तयार आहे का?

कार्ड एकटं चालत नाही. बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन लावलं तर गाडीच मोडायची. म्हणून या गोष्टी बघा.

पहिली, वीज देणारा डबा, त्याला एसएमपीएस म्हणतात. आरटीएक्स ४०६० स्वतः ११५ वॅटपर्यंत वीज घेतं. त्यासाठी ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस असावा असं कंपनीच सांगते. मोठ्या ४०९० कार्डाला तर एकट्यालाच ४५० वॅट लागतात. स्वस्तातल्या कॉम्प्युटरमधला हलका एसएमपीएस जास्तीच्या ताणाने जळू शकतो आणि जळताना बाकीचे भागही खराब करू शकतो. म्हणजे कार्डाच्या खर्चात एसएमपीएसचा खर्चही धरायचा.

दुसरी, प्रोसेसर. कॉम्प्युटर दहा वर्षांचा जुना असेल तर नवं कार्ड त्याच्या वेगाने अडून राहतं. तीस हजार घालून दहा हजारांचं काम मिळतं.

तिसरी, पडदा. साधा फुल एचडी पडदा बहुधा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्डाने दीडशे बनवली तरी डोळ्यांना साठच दिसणार. ज्याच्याकडे असा पडदा आहे त्याला सगळ्यात महागडं कार्ड घेऊन उपयोग नाही.

चौथी, घरातली वीज. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, अर्थिंग नीट नसेल, तर कार्डाच्या आधी ते करून घ्या. लाइट अचानक जाते तिथे यूपीएस लागतो. खेळताना कार्ड, पडदा, बाकी सगळं मिळून २५० वॅट धरा. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला साडेबावीस युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी सव्वादोनशे रुपये. शिवाय आपलं बिल महिन्याला शंभर युनिटच्या आत बसत असेल आणि या साडेबावीस युनिटने ते शंभराच्या वर गेलं, तर वरच्या युनिटना चढा दर लागतो. हेही पोराला आधीच सांगून ठेवावं.

पाचवी, जागा. कार्ड तापतं, त्याला पंखे असतात. चुलीचा धूर, पिठाची गिरण, बंद कपाट यांपासून लांब ठेवा.

इथे दोन उपयोगाच्या गोष्टी सांगतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरला कार्ड नंतर बसवता येतं. म्हणून कॉम्प्युटर आधी आणि कार्ड वर्षाने, असं टप्प्याने घेता येतं. त्यासाठी आतच चित्राची सोय असलेला प्रोसेसर घ्यावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी एफ हे अक्षर असतं त्यात ती सोय नसते. तसा घेतला तर कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही. लॅपटॉपचं मात्र वेगळं. त्यातलं कार्ड सहसा बदलता येत नाही. तिथे काय हवं ते पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं.

पैसा कुठून आणायचा?

आता आपल्या हिशोबावर येऊ. गटातून तीस हजार रुपये शेकडा दोन व्याजाने घेतले आणि बारा महिन्यांत मुद्दलाचे अडीच हजार दर महिन्याला फेडले. पहिल्या महिन्याचं व्याज सहाशे, मग साडेपाचशे, मग पाचशे, असं उतरत शेवटी पन्नास. बेरीज होते ३,९०० रुपये. म्हणजे कार्ड पडलं ३३,९०० ला. तेच अडीच हजार आधी बारा महिने बाजूला टाकले, तर वर्षाने तीस हजार हातात आणि ३,९०० वाचलेले. त्यात साधा यूपीएस येऊ शकतो. शिवाय त्या वर्षात पोराची हौस खरी आहे की मित्राचं बघून आलेली आहे, तेही कळतं.

दुकानातला "बिनव्याजी हप्ता" असेल तर प्रोसेसिंग फी किती, व्याजावरचा जीएसटी कोण भरणार, आणि रोख घेतलं तर किंमत कमी होते का, हे तीन प्रश्न विचारा.

कर्ज कधी काढावं? जेव्हा कार्डच कर्ज फेडणार असेल तेव्हा. दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरातली मुलगी ॲनिमेशन शिकलीय, तिला शहरातून कामं मिळतायत, पण कॉम्प्युटर रात्रभर चालूनही काम वेळेत निघत नाही आणि गिऱ्हाईक परत जातं. तिच्यासाठी हे कार्ड म्हणजे शिलाई मशीनची मोटर. भाव थोडा चढा असला तरी तिने आत्ता घ्यावं. सहा महिने थांबून दोन हजार वाचतील, पण सहा महिन्यांचं काम जाईल. दुसऱ्या घरातला मुलगा बारावीला आहे, खेळासाठी कार्ड हवंय, महिना चालू आहे डिसेंबर. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, पुढे सीईटी. याने थांबावं, बाजारभाव काहीही असो. "घेऊ, पण जूनमध्ये, आणि पहिले दहा हजार तू सुट्टीत कमावून आण," असं त्याला तारीख देऊन सांगितलं तर ते बोलणं त्यालाही पटतं. नुसतं "बघू" म्हणत राहिलं की पोरं चिडतात.

बैठकीत आम्हाला एक गोष्ट खटकते, ती इथे बोलतो. मुलाच्या कार्डाला पंधरा मिनिटांत होकार मिळतो. मुलीने त्याच कामासाठी कॉम्प्युटर मागितला तर "लग्नाचं बघा आधी" असं कुणीतरी म्हणतंच. वर जे प्रश्न सांगितले ते दोघांनाही तेच विचारा. काम कुठलं, फेड कशातून, बाकीची तयारी आहे का. उत्तर ज्याचं पक्कं, कर्ज त्याला. आणि दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी कुणी त्याच महिन्यात मागत असेल, तर कार्ड महिनाभर थांबू शकतं, ताप थांबत नाही.

घेताना काय बघायचं?

जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहिलेला असावा. "बिलाशिवाय दोन हजार कमी" हा सौदा महागात पडतो, कारण बिघाड झाला की वॉरंटी मागायला कागद नसतो. कार्डांना बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. ती किती, आणि दुरुस्तीला पाठवायचं कुठे, हे घेण्याआधी विचारा. ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, सील आणि नंबर दिसेल असा. आत दुसरंच काही निघालं तर तोच पुरावा. तक्रार ऐकून घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

वापरलेलं कार्ड स्वस्त मिळतं आणि ते नेहमीच वाईट असतं असं नाही. पण ते समोर कॉम्प्युटरला लावून अर्धा तास मोठा खेळ चालवून बघा. पडद्यावर ठिपके, रेघा दिसतात का, पंखा खरखरतो का, बंद पडतं का. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चिकटवून फसवणारेही आहेत. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आतली खरी चिप कुठली ते दाखवतं आणि बनावट ओळखूही शकतं. मूळ बिल आणि उरलेली वॉरंटी मिळत असेल तरच पुढे बोला.

आणि बसवल्यावर पडद्याची वायर कार्डाच्या खाचेत लावा, मागच्या जुन्या खाचेत नको. वायर जुन्या जागी राहिल्यामुळे "कार्ड चालतच नाही" म्हणून दुकानाच्या चकरा मारणारे पुष्कळ असतात.

तर मैत्रिणींनो, ठरवताना क्रम असा ठेवा. काम कुठलं ते आधी. मग बाकीचा कॉम्प्युटर आणि घरातली वीज. मग पैसा साठवलेला की कर्जाचा. मग ते कार्ड किती जुनं, नवं जवळ आलंय का, आणि चार आठवड्यांचा भाव काय सांगतो. चारही उत्तरं जुळली तर घ्यावं, आणि घेतल्यावर रोज भाव बघत बसू नये. एखादं जुळत नसेल तर तेवढं जुळेपर्यंत थांबावं.

येत्या बैठकीत असा अर्ज आला तर पोराला किंवा पोरीलाच दहा मिनिटं बोलवा. कार्डाचा नंबर, आलेली तारीख, एसएमपीएसचे वॅट आणि तीन दुकानांचे भाव फळ्यावर लिहायला सांगा. ज्याला कार्ड हवंय त्याला हे सगळं येतंच. आपल्याला समजेल अशा भाषेत सांगायची सवय मात्र त्याला लागेल. आणि सही करणाऱ्या आईला आपण कशावर सही करतोय, हे त्या दिवशी नीट कळलेलं असेल.